सतराचा नट आणि गिरणीचा पाना

ऑक्टोबरचे ऊन यंदाही वेळेवर आले. चार महिने ओल पिऊन बसलेले हे उपनगर वाळू लागले की त्याला एक वास सुटतो. करपलेल्या शेवाळाचा, उन्हात टाकलेल्या गोणपाटाचा आणि त्या दोहोंच्या खाली, अगदी तळाशी, भिजून सुकलेल्या लोखंडाचा. माझ्या इमारतीतल्या लोकांना हा तळाचा वास येत नाही. मला येतो, कारण घाटकोपरच्या पूर्वेला एका पत्र्याच्या शेडखाली मी आयुष्याची उमेदीची वर्षे गाड्या उघडण्यात घालवली. तो वास आला की माझ्या उजव्या हाताची बोटे आपोआप आखडतात. डॉक्टर त्याला संधिवात म्हणतात. डॉक्टरांचे मत मला मान्य नाही. पण प्रत्येकाशी वाद घालण्याइतका दम आता उरलेला नाही, म्हणून गोळी घेतो.

गंज हे पावसाळ्याचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. पावसात लोखंड नुसते भिजते. त्याचे खरे हाल उघडकीला येतात ते पावसानंतर, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतात आणि दिवाळीच्या आत त्या धडधाकट व्हाव्यात म्हणून मालक त्या आणून सोडतात तेव्हा. दसऱ्याच्या आगेमागचे ते पंधरा-वीस दिवस हा आमचा हंगाम. सकाळी नऊ वाजताच पत्रा तापायचा. पूर्वेच्या मिठागरांवरून वारा यायचा. त्याने घाम वाळायचा आणि कातडीवर खार उरायचा. गाडीखाली पाठीवर पडून वर पाहिले की वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे डोळ्यांत पडायचे. रॉकेल आणि जुने ब्रेक ऑइल यांचे मिश्रण पिचकारीने नटांवर सोडायचे आणि वाट पाहायची. आमच्या कामातला निम्मा वेळ वाट पाहण्यातच जात असे. हे गिऱ्हाइकांना कधी पटले नाही.

न हलणारा नट आणि गोल झालेला नट यांत फरक आहे. न हलणाऱ्या नटाला हवापाणी जबाबदार असते. गोल झालेल्या नटाला माणूस जबाबदार असतो. नटाला सहा बाजू आणि सहा कोपरे. अचूक मापाचा पाना बाजूंना धरतो. केसभर सैल असलेला पाना कोपऱ्यांना धरतो, आणि जोर लावताच ते सोलून काढतो. एकदा कोपरे गेले की त्या नटावर पाना नुसता फिरत राहतो. मी त्या काळी संध्याकाळच्या एका तांत्रिक वर्गात मोटारदुरुस्ती शिकवत असे आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहीत असे: ‘गोल झालेल्या प्रत्येक नटामागे घाई केलेला एक हात असतो.’ विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत. एकाने मात्र लिहिले नाही. तो वर्गातला सर्वांत वयस्कर विद्यार्थी होता, चाळिशीला टेकलेला.

"का हो, तुम्ही लिहिलं नाही?" मी विचारले.

"माका पाठ आसा, मास्तर," तो म्हणाला. "वीस वर्सां फिटर होतंय. फक्त कोणी सांगूक नाय होता, इतक्या बरां."

हा सदानंद, पुढे आमचा सदा. मूळ मालवणकडचा, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, फिटर. गिरणी बंद पडली आणि हातातली कला घेऊन हा माणूस दुसरी कला शिकायला माझ्या बाकावर येऊन बसला. वर्षभरात तो शेडमध्ये माझा भागीदार झाला. शेवटपर्यंत मला ‘मास्तर’च म्हणत राहिला आणि मीही शेवटपर्यंत त्याला तसे म्हणू दिले.

येताना त्याने खाकी कॅनव्हासची एक थैली आणली होती. तीत गिरणीतले त्याचे स्वतःचे पाने होते. यंत्रे विलायती, म्हणून पाने सगळे इंचांतले. वापरून वापरून चांदीसारखे झालेले. ती थैली त्याने शेडच्या मागच्या खिळ्याला टांगली. आम्ही ते पाने सहसा वापरत नसू. त्या काळी रस्त्यावर मुख्यतः दोन घराण्यांच्या गाड्या धावत. एकीचे नट इंचांत, दुसरीचे मिलिमीटरांत. आमच्याकडे दोन्ही मापांचे संच वेगवेगळ्या पेट्यांत होते, आणि या पेटीतला पाना त्या पेटीत गेला तर मी दिवसभर बोलत असे. कारण मिलिमीटरच्या सतराच्या नटावर अकरा सोळांश इंचाचा पाना बसतो. बसतो म्हणजे बसल्यासारखा वाटतो. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, त्या वर्षीच्या एका नटाविषयी बऱ्याच हकिकती प्रचारात आहेत, आणि सांगणाऱ्यांपैकी एकालाही माप ठाऊक नाही.

आमच्या इमारतीतले एक निवृत्त इंजिनिअर म्हणतात, तो नट आम्ही गॅसच्या ज्योतीने लाल करून काढला. हे गृहस्थ तेव्हा घाटकोपरात राहतही नव्हते. नट होता मागच्या चाकावरच्या पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा. हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी. तिथे ज्योत कोण पेटवील? शिवाय पाट्याच्या पोलादाला ताव लागला की त्याची लवचिकता जाते, हे इंजिनिअरांना ठाऊक असायला हवे. त्यांना मी तसे म्हणालोही. ते म्हणाले, "अहो, हल्ली एक स्प्रे मिळतो, दोन मिनिटांत काम." मी गप्प बसलो. पूर्वी बसलो नसतो.

दुसरे काही जण सांगतात की मी दसऱ्याची पूजा मोडली. हे तर साफ खोटे आहे.

पूजा सदाची. गिरणीत खंडेनवमीला साच्यांना झेंडूच्या माळा पडत आणि दुसऱ्या दिवशी अख्खे खाते चिडीचूप असे, ते तो पुन्हा पुन्हा सांगायचा. तीच रीत त्याने आमच्या शेडमध्ये आणली. त्या नवमीला संध्याकाळी आम्ही दोघांनी सगळी हत्यारे रॉकेलने धुतली, पुसली, लाकडी फळीवर मांडली. पाने मापाच्या क्रमाने, ही माझी अट. प्रत्येकावर हळदकुंकवाचे बोट, ही त्याची. खिळ्यावरची थैली मात्र त्याने खाली काढली नाही.

"ही नाही मांडायची?" मी विचारले.

"नको, मास्तर. ज्या हत्याराक काम नाय, तेची पूजा कित्याक?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग झेंडूचे हार घालून झाल्यावर वळला. "आता उद्या दिस मावळासर कोणी ह्येंका हात लावूचो नाय. तुमी पण."

"तुमी पण म्हणजे काय?"

"म्हणजे तुमीच. दुसरो कोण आसा हय? माका तुमी ठावक आसात."

मी हसलो. असल्या बंधनांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण शब्द दिला.

दसऱ्याच्या दुपारी सदा चाळीत सोने वाटत फिरत होता आणि मी शेडमध्ये एकटा बसलो होतो, कारण सुट्टीच्या दिवशी घरी बसणे मला कधी जमले नाही. ऊन पत्र्यावरून ठिबकत होते म्हटले तरी चालेल. इतक्यात एका कुशीवर कललेली एक गाडी खुरडत दारात आली. खारदांड्याचा हिराजी. मागची सीट काढून तिथे मासळीच्या टोपल्या ठेवून तो पूर्व उपनगरांतल्या बाजारांत फिरे. नवरात्र संपले होते, गिऱ्हाईक मासळीवर तुटून पडले होते, आणि माल टाकून परतताना त्याच्या गाडीचा पाटा मोडला होता.

"मास्तर, गारी बसली एका अंगाला. बघा जरा."

"आज हत्यारं पूजेत आहेत. उद्या सकाळी बघू."

"उद्या? मंग आज दांड्याला कसा जाऊ? टोपल्या डोक्यावर घेऊन?" तो फळीजवळ गेला, वाकून माळा घातलेल्या पान्यांकडे पाहिले आणि दात काढले. "काय मास्तर, पार्टनरला इचारल्याबिगर पाना उचलाची बंदी हाय काय तुम्हाला?"

मासळीचे खारट पाणी टोपल्यांतून गळून वर्षानुवर्षे गाडीच्या पाट्यांवर साचत होते, हे मला दिसत होते. अशा गंजाला एक दिवस रॉकेल पाजावे लागते, हे मला ठाऊक होते. मी दुसऱ्यांना ते शिकवत होतो. पण त्या माणसाचे ते दात काढणे मला लागले. फळीवरच्या एकाही हत्याराला मी स्पर्श केला नाही. दिलेला शब्द मी अक्षरशः पाळला. मागे गेलो, खिळ्यावरची खाकी थैली काढली आणि तीतून अकरा सोळांशचा पाना घेतला.

चार नट होते. तीन निघाले. ते निघाले हेच वाईट झाले, कारण त्यामुळे मला वाटले की अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नव्हे. चौथ्यावर पाना सटकला आणि माझी मूठ चेसीच्या कडेवर आपटली. तीन बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलून निघाली. तिथे थांबायला हवे होते. मी पान्याला पाइप लावला. हिराजी कोपऱ्यावर चहा प्यायला गेला होता; बघायला कोणी नव्हते. मी चार वेळा जोर केला. पाचव्या वेळी पाना वंगण लावल्यासारखा गोल फिरला.

हिराजी परतला, तेव्हा मी एवढेच म्हणालो, "उद्याच होईल." तो शिव्या पुटपुटत बस पकडायला गेला.

आता, त्या दुसऱ्या सकाळविषयी. ती मी पुष्कळांना पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी एक जागा वेगाने ओलांडली आहे. सदा आला, पूजेला नमस्कार करून त्याने माळा उतरवल्या, मग गाडीखाली गेला. हिराजीही आला होता. सदा बाहेर आला आणि हात पुसू लागला. हिराजीने वाकून आत पाहिले आणि ओरडला, "अरे, ह्यो गोल कुणी केला? काल तर चांगला होता!"

माझ्या हाताला फडके गुंडाळलेले होते. थैली बाकावर उघडी पडली होती. मी म्हणालो, "हा पाना सदाच्या थैलीतला आहे."

वाक्य तपासून पाहा. त्यात एकही खोटा शब्द नाही. आयुष्यात खोटे बोललो नाही, हे मी मिशीला पीळ देऊन सांगत आलो आणि या वाक्याच्या आधारे ते सांगताही येते.

सदाने पान्याकडे पाहिले. मग माझ्या फडक्याकडे. ते बघणे फार लांबले नाही. "व्हय," तो हिराजीला म्हणाला, "पानो माझोच."

"मी गेल्यावर तुम्ही गिरणीवाले साचे सोडून गारीला कशाला हात लावता रे?" हिराजीने त्याला सुनावले. मी तेव्हा रॉकेलची पिचकारी शोधत होतो. ती माझ्या समोरच होती.

मी छिन्नीने नट फोडावा म्हणालो. सदा म्हणाला, "छिन्नीन बोल्टाचे आटे जातले. कानस मारूया. वेळ लागात, पण भायर येतलो." आणि तो गाडीखाली पाठीवर पडला. त्याची रीत अशी: गोल झालेल्या नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने घासून सपाट करायच्या, लहान मापाचा पाना घट्ट बसेपर्यंत. ऐकायला सोपे आहे. डोळ्यांत गंजाचा भुगा पडत असताना, हात डोक्याच्या वर धरून, बोटाएवढ्या जागेत कानस पुढेमागे करायची. मधूनमधून तो पाना लावून बघे, मान हलवी, पुन्हा घाशी. त्या कानशीचा आवाज हा माझ्या आठवणीतल्या त्या सगळ्या ऋतूचा आवाज आहे. बाहेर चतुर उडत होते, कुणाच्या तरी घरी दिवाळीसाठी भिंत खरवडत होते, आणि आत तो एक आवाज, न थकणारा, न बोलणारा. हिराजी नंतर सांगत सुटला की तासाभरात काम झाले. तासाभरात! दीड दिवस लागला.

शेवटी सदाने आपल्याच थैलीतला पाच अष्टमांशचा पाना त्या दोन बाजूंवर चढवला. केसाचीही फट नव्हती. तो बाहेर सरकला, उठून बसला. चेहरा विटेसारखा लाल. "मास्तर," तो म्हणाला, "शेवटचो हात तुमी मारा."

मी मारला. नट कुरकुरला आणि सुटला. तेव्हापासून जगाला मी सांगत आलो: तो नट मी काढला. याही वाक्यात खोटे काही नाही.

त्या संध्याकाळी सदाने थैली खिळ्यावर टांगली नाही. काखेत मारून घरी नेली, आणि ती शेडमध्ये पुन्हा कधी आली नाही. मी कारण विचारले नाही. आणखी काही वर्षे आम्ही एकत्र काम केले. एकमेकांच्या घरची कार्ये केली. मग त्याने मुलुंडला स्वतःचे वर्कशॉप काढले. आम्ही पैशावरून वेगळे झालो असे म्हणणारे लोक आहेत. आमच्यात पैशावरून एक शब्दही झाला नाही. आमच्यात त्या नटावरून कोणताच शब्द झाला नाही, हीच तर अडचण होती. दर ऑक्टोबरला मला वाटायचे, यंदा बोलू. मीही रॉकेल सोडून वाट पाहत बसलो होतो म्हणायचे.

सदा यंदा भाद्रपदात गेला.

दसऱ्याच्या आधी त्याच्या मुलाचा, मिलिंदचा, फोन आला. वर्कशॉप आता तोच चालवतो. "काका, पूजेला या. आमच्या मेकॅनिक लोकांना तुमच्या तोंडून काहीतरी ऐकू दे." पत्नी म्हणाली, "जा. पण तिथे कुणाशी भांडू नका. भाऊजी गेले, आता कुणाला हरवायचं राहिलंय?" मी कपाटाचा खालचा खण उघडला आणि एक वस्तू खिशात टाकली.

मुलुंडचे वर्कशॉप मोठे, स्वच्छ, पंखे असलेले. हत्यारे स्टीलच्या टेबलावर मांडली होती. मापाच्या क्रमाने, हे मी पाहिले. आणि मधोमध, सर्वांत मोठ्या माळेखाली, खाकी थैलीतले ते पाने. पहिल्यांदाच पूजेला मांडलेले. अकरा सोळांश मी लांबूनच ओळखला.

मिलिंद आपल्या लोकांना सांगू लागला. "हा पाना बघताय ना? बाबांनी एकदा चुकून हा सतराला लावला आणि नट गोल केला. गिरणीची सवय! बाबा स्वतःच सांगायचे. म्हणायचे, मी वाट लावली होती, पण मास्तरांनी माझी इज्जत राखली. दीड दिवस खपून नट काढला, आणि गिऱ्हाइकासमोर मला एका शब्दानं बोलले नाहीत."

मी आयुष्यभर इतरांच्या हकिकती खोडून काढत आलो. माझ्या विरुद्धची एकही मी उभी राहू दिली नाही. ही माझ्या बाजूची होती, आणि ती त्याने रचली होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलासमोर, इतकी वर्षे.

"चूक," मी म्हणालो. "पाना सदाचा होता. हात माझा होता. कानसही त्यानंच मारली. मी फक्त शेवटचा पीळ दिला."

मिलिंद हसला. फार प्रेमाने हसला. "बघा," तो आपल्या लोकांना म्हणाला, "अशी माणसं होती. बाबा गेले तरी काका दोष स्वतःवर घेतात."

"मी काही घेत नाहीये, अरे! ही बोटं बघ." मी सांध्यांवरचे तीन पांढरे व्रण त्याच्यासमोर धरले. "पाना सटकला तेव्हाची ही खूण."

"काका, मेकॅनिकच्या हातावर अशा शंभर खुणा असतात. माझ्याही आहेत. बसा तुम्ही, उन्हातून आलात. कोण रे, पाणी दे काकांना."

"तो पाना इकडे दे. सतराच्या नटावर लावून दाखवतो, किती सैल बसतो ते. सदा फिटर होता. त्याच्या हाताला अर्धा मिलिमीटर कळला नसता, असं वाटतं तुला?"

मिलिंदचा हात टेबलाकडे गेला आणि अडला. "आज नको, काका," तो हळूच म्हणाला. "पूजेत आहे. आज हलवायचा नसतो. बाबांची रीत."

इतके वाद मी घातले आणि जिंकले; एक खरा होता, तो कोणी ऐकून घेईना. मी पाणी प्यालो. मंडळी पेढे घेऊन पांगू लागली. मग खिशातली वस्तू काढली. तो चौथा नट. कोपरे गुळगुळीत, दोन बाजू कानशीने आरशासारख्या सपाट. इतक्या सरळ की माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याला तशा जमल्या नाहीत आणि मलाही जमल्या नसत्या. हात लावायचा नव्हता, तो पूजेतल्या हत्यारांना. ठेवायला कुणाची मनाई नव्हती. मी तो त्या पान्याशेजारी, झेंडूच्या माळेच्या आत ठेवला, आणि कुंकवाच्या वाटीत बोट बुडवून त्याच्या सपाट बाजूला लावले.

"हे काय, काका?" मिलिंदने विचारले.

"उद्या पूजा उतरवशील, तेव्हा आधी ह्याच्यावर अकरा सोळांश लाव, मग पाच अष्टमांश," मी म्हणालो. "तुझ्या बापाचं काम कुठलं आणि माझं कुठलं, ते तुझ्या हाताला कळेल. मला फोन कर."

आज तो ‘उद्या’ उजाडला आहे. ऊन गॅलरीत आले आहे. फोन टेबलावर आहे, आणि माझा हात त्याच्याजवळ, बोटे मिटून.